ड्रायव्हरचा वाटा किती? क्रीडा संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे, साप्ताहिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे क्रीडा संपादक यांस,

मोटारशर्यतीचा निकाल कधीच एकट्या ड्रायव्हरचा नसतो. फॉर्म्युला वनच्या एका गाडीमागे कारखान्यात शेकडो माणसे राबत असतात. इंजिन कुणाचे, टायर कोणते, पिटमध्ये चाके किती सेकंदांत बदलली, पाऊस कितव्या फेरीला आला, सेफ्टी कार नेमकी कधी बाहेर पडली, या सगळ्याची बेरीज होऊन शेवटी एक क्रमांक ठरतो. सोमवारच्या अंकात मात्र त्या बेरजेपुढे एकाच माणसाचे नाव छापले जाते. क्रिकेटच्या धावफलकात फलंदाजाने किती चेंडू खेळले, कोणी कसे बाद केले, हे सारे येते. शर्यतीच्या बातमीत येतात ते विजेता, वेळ आणि गुण. त्यातून कोण जिंकले ते कळते, गाडी कोणी उत्तम चालवली ते कळत नाही.

हा वाटा मोजण्याचा प्रयत्न अभ्यासकांनी केलेला आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 1950 ते 2014 या काळातल्या निकालांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करून ते 2016 साली प्रसिद्ध केले. निकालांतल्या फरकामध्ये संघाचा वाटा ड्रायव्हरच्या वाट्याच्या कित्येक पट निघाला, आणि गाडीचा प्रभाव वजा केल्यावर यादीत सर्वांत वर अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फान्जिओ आला. याचा अर्थ ड्रायव्हरला किंमत नाही असा नव्हे. त्याचा वाटा लहान असतो, म्हणूनच तो वेगळा काढून दाखवावा लागतो.

भारतीय वाचकाला जवळचे उदाहरण 19 जून 2005 चे आहे. इंडियानापोलिसच्या अमेरिकन ग्रांप्रीत नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाने मिळवलेला सर्वांत वरचा क्रमांक आजही हाच आहे. पण त्या दिवशी शर्यतीत गाड्या होत्या सहा. शुक्रवारच्या सरावात कलत्या बांधणीच्या वेगवान वळणावर राल्फ शूमाखरचा टायर निकामी होऊन अपघात झाला. आपले टायर त्या वळणावर टिकतील अशी हमी देता येत नाही, असे मिशेलिन कंपनीने कळवले आणि मिशेलिन वापरणाऱ्या सात संघांच्या 14 गाड्या सुरुवातीची फेरी मारून थेट पिटमध्ये परतल्या. उरल्या दोन फेरारी, दोन जॉर्डन आणि दोन मिनार्डी. चौथ्या क्रमांकावरून कार्तिकेयनच्या गाडी चालवण्याविषयी काहीच सांगता येत नाही. त्या शर्यतीतून काही कळत असेल तर एवढेच, की तशीच जॉर्डन घेऊन त्याचा जोडीदार तियागो मोंतेरो तिसरा आला. यात कार्तिकेयनला कमी लेखण्याचा प्रश्न नाही. फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला पहिला भारतीय हा मान त्या चौथ्या क्रमांकावर अवलंबून नाही.

संघातला जोडीदार हीच या खेळातली सर्वांत विश्वासाची मोजपट्टी आहे. दोघांना एकाच कारखान्याची गाडी, एकच इंजिन, तेच टायर. 1988 च्या मोनाको ग्रांप्रीच्या पात्रता सत्रात आयर्टन सेना आणि अलाँ प्रॉस्त यांच्याकडे सारख्याच मॅकलारेन होत्या, आणि सेना प्रॉस्तपेक्षा 1.427 सेकंदांनी वेगवान ठरला. प्रॉस्त तोवर दोनदा जगज्जेता झालेला होता. दुबळ्या माणसाला दीड सेकंदाने मागे टाकणे वेगळे आणि प्रॉस्तला टाकणे वेगळे. म्हणून मोजपट्टीचे मापही सांगावे लागते.

शिवाय ही मोजपट्टी वाकवताही येते. नवे भाग आधी एकाला मिळतात, गाडीची रचना एकाच्या शैलीला धरून होते, आणि कधी कधी तर उघड हुकूम सुटतो. 2002 च्या ऑस्ट्रियन ग्रांप्रीत रुबेन्स बारिकेलो जिंकणार हे स्पष्ट असताना फेरारीने त्याला मायकेल शूमाखरला वाट द्यायला लावली, तीही शेवटची रेषा समोर दिसत असताना. रेकॉर्डमध्ये विजेता म्हणून नाव शूमाखरचे आहे.

जोडीदाराच्या मोजपट्टीने एखादा नववा क्रमांकही किती मोठा ठरू शकतो, हे 6 डिसेंबर 2020 च्या साखीर ग्रांप्रीत दिसले. लुइस हॅमिल्टनला कोविड झाला, म्हणून मर्सिडीजने विल्यम्स संघाकडून जॉर्ज रसेलला आयत्या वेळी मागून घेतले. रसेलच्या खात्यावर तोवर फॉर्म्युला वनचा एकही गुण नव्हता. हॅमिल्टनच्या मापाने बांधलेल्या गाडीत हा उंच मुलगा जेमतेम मावत होता. पेडलपाशी पाय बसावेत म्हणून त्याने एक माप लहान बूट घातले. पात्रता सत्रात तो वॉल्तेरी बोटासच्या मागे राहिला तो 0.026 सेकंदाने. बोटास त्या संघात चार वर्षे मुरलेला होता. शर्यत सुरू होताच रसेलने आघाडी घेतली आणि ती सहज राखली. मग मर्सिडीजने पिटमध्ये घोळ घातला: बोटासचे टायर रसेलच्या गाडीला लागले आणि ते बदलायला त्याला पुन्हा आत यावे लागले. बाहेर आल्यावर त्याने बोटाससह पुढच्या गाड्या ट्रॅकवर मागे टाकल्या आणि दुसरे स्थान गाठले, तोच टायरमधली हवा जाऊ लागली. निकाल: नववा. विजेता सर्जिओ पेरेझ पहिल्या फेरीतल्या धडकेनंतर सर्वांत शेवटी फेकला गेला होता आणि तिथून पुढे आला. त्याची कामगिरीही खणखणीत होती. पण त्या दिवशी सर्वांत मोठे काम नवव्या क्रमांकाच्या माणसाने केले, आणि गुणतक्ता पाहून ते कुणाला कळणार नाही. त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. या गटात जिंकणारा तो पहिला भारतीय. फॉर्म्युला टूमध्ये सर्वांच्या गाड्या एकाच कारखान्यातून येतात, त्यामुळे तिथल्या विजयात ड्रायव्हरचा वाटा शोधायला फार खणावे लागत नाही.

पावसातल्या शर्यतींना या चर्चेत नेहमी वरचे स्थान मिळते, आणि त्याला कारण आहे. ओल्या डांबरावर टायरची पकड इतकी कमी होते, की जादा अश्वशक्ती वापरायला वावच उरत नाही. पैशाने विकत घेतलेली ताकद निम्म्याने निकामी होते. कोरड्या ट्रॅकवर सगळे ज्या ओळीने जातात, तिथे रबराचा थर बसलेला असतो आणि पावसात नेमकी तीच ओळ सर्वांत निसरडी होते. पकड शोधायला बाहेरच्या बाजूने जावे लागते, आणि ती कुठे आहे हे दर फेरीला नव्याने कळून घ्यावे लागते. स्टिअरिंगवर आणि आसनाखाली जे जाणवते त्यावरून हा निर्णय होतो, तो कारखान्यात बसून कुणी घेऊन देऊ शकत नाही.

तरी पाऊस म्हटला की मोठेपण आपोआप येत नाही. जॅकी स्ट्युअर्टने 1968 ची जर्मन ग्रांप्री धुके आणि पाऊस यांत न्युर्बुर्गरिंगवर जिंकली, ती दुसऱ्या क्रमांकाच्या ग्रॅहम हिलपेक्षा चार मिनिटे पुढे राहून. मनगटाचे हाड मोडलेले होते आणि हाताला आधार बांधलेला होता. हे सगळे खरे. पण त्याच्या मात्रा गाडीला डनलॉपचे टायर होते आणि ओल्यात ते उजवे ठरले, हेही खरे. चार मिनिटांतून टायरचा हिस्सा वजा केला तरी भरपूर उरते. मात्र वजाबाकी करूनच ते उरले असे म्हणायला हवे.

1993 ची डॉनिंग्टनची शर्यत याहून जास्त गायली जाते. सेना चौथ्या जागेवरून सुटला, सुरुवातीच्या गर्दीत पाचवा झाला, आणि पहिली फेरी संपायच्या आत शूमाखर, वेंडलिंगर, डेमन हिल आणि प्रॉस्त या चौघांना ओलांडून पहिला झाला. ती फेरी पाहून अंगावर काटा येतो यात वाद नाही. पण त्याच फेरीत एक कोवळा पोरगा बाराव्या जागेवरून चौथ्यावर आला होता, तोही जॉर्डनमध्ये, फॉर्म्युला वनमधल्या आपल्या तिसऱ्याच शर्यतीत. तो बारिकेलो. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना इंधनाच्या बिघाडाने त्याची गाडी थांबली आणि त्याचे ते काम विस्मरणात गेले. पुढे पाऊस येत-जात राहिला, प्रॉस्तने टायर बदलायला सात वेळा पिट गाठले, आणि सेना हिलपेक्षा 83 सेकंदांनी पुढे राहून जिंकला. प्रॉस्तच्या त्या सात खेपांत विल्यम्स संघाच्या निर्णयांचा जो गोंधळ आहे, त्याचे श्रेय सेनाच्या खात्यात टाकता येत नाही.

खुद्द सेनानेच डॉनिंग्टनला आपली सर्वोत्तम शर्यत मानले नाही. त्या काळच्या गाड्यांत चाके घसरू लागली की ताकद आपोआप कमी करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. त्याचे मत 1985 च्या एस्तोरिलला होते: लोटस, टर्बो इंजिन, असली कसलीही मदत नाही, मुसळधार पाऊस. पोर्तुगालच्या त्या शर्यतीत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत आघाडीवर राहिला, दुसऱ्या आलेल्या मिकेले आल्बोरेटोला त्याने मिनिटभराहून अधिक मागे ठेवले आणि बाकी सगळ्यांना किमान एका फेरीने. प्रॉस्तसारख्याची गाडी सरळ रस्त्यावर पाण्यावरून घसरून बाहेर गेली. आणि याच शर्यतीत एकदा चारही चाके गवतावर जाऊन गाडी पूर्ण हाताबाहेर गेली होती, ती परत आली ते नशीब, असे सेनाने स्वतःच सांगून टाकले. लोक मात्र तो क्षण त्याच्या कौशल्याचा नमुना म्हणून मिरवत होते. कामगिरीतून नशीब वजा करणारा ड्रायव्हर विरळा, आणि त्याचा हिशेब पत्रकारांच्या हिशेबापेक्षा चोख निघाला.

वजाबाकी करूनही जिचा डोलारा ढळत नाही अशी शर्यत म्हणून 4 ऑगस्ट 1957 च्या जर्मन ग्रांप्रीकडे बोट दाखवता येते. न्युर्बुर्गरिंगची तेव्हाची एक फेरी जवळजवळ 22.8 किलोमीटरची, डोंगरातून, झाडीतून, चढउतारांतून जाणारी, अशा 22 फेऱ्या. फान्जिओ 46 वर्षांचा होता. फेरारीचे माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स टाक्या भरून, न थांबता शर्यत पुरी करणार होते. फान्जिओच्या मझेराटी संघाने अर्धी टाकी आणि मऊ टायर घेऊन मध्ये एकदा थांबायचे ठरवले. हलक्या गाडीने सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी जमवून फान्जिओ बाराव्या फेरीअखेर पिटमध्ये आला. तिथे चाकाचा नट निसटून गाडीखाली गेला, तो शोधण्यात वेळ गेला, आणि तो बाहेर पडला तेव्हा दोन्ही फेरारी सुमारे पाऊण मिनिट पुढे होत्या.

इथून पुढचे आकडे पाहावेत. आदल्या वर्षीचा फेरीचा विक्रम त्याचाच होता, 9 मिनिटे 41.6 सेकंद. या वर्षी पात्रता सत्रात त्याने 9 मिनिटे 25.6 सेकंदांची सर्वांत वेगवान फेरी दिली होती. पात्रतेची फेरी म्हणजे रिकाम्या रस्त्यावर, एका फेरीपुरते सर्वस्व ओतून काढलेली वेळ. शर्यतीत, पाठलाग करताना, त्याने एकामागून एक फेऱ्यांत विक्रम मोडत नेला आणि विसाव्या फेरीत 9 मिनिटे 17.4 सेकंदांवर आणला. स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा आठ सेकंद कमी, तेही शर्यतीच्या उत्तरार्धात. एरवी ज्या वळणांना खालचा गिअर लागतो तिथे त्याने वरचा गिअर ठेवला. गाडी वळणातून बाहेर पडताना जास्त वेगात राहिली, पण सावरायला जागा तेवढीच कमी उरली. एकविसाव्या फेरीत त्याने आधी कॉलिन्सला आणि मग हॉथॉर्नला गाठून मागे टाकले. जिंकला तो 3.6 सेकंदांनी. तो त्याचा फॉर्म्युला वनमधला 24 वा आणि शेवटचा विजय, आणि त्याच दिवशी पाचवे जगज्जेतेपदही पक्के झाले.

आता वजाबाकी. मऊ टायर आणि हलकी टाकी हा संघाच्या बेताचा भाग होता. शिवाय इतक्या लांब फेरीत पिटमधली पाटी ड्रायव्हरला साडेनऊ मिनिटांतून एकदाच दिसते, त्यामुळे फेरारीच्या जोडीला मागचा धोका उशिरा कळला. मधल्या फेऱ्यांत ते निर्धास्त होते. हे सगळे मान्य केले तरी पात्रतेच्या वेळेतून निघालेल्या आठ सेकंदांचे स्पष्टीकरण टायरमध्ये सापडत नाही. तसे पुन्हा कधी चालवायची आपली इच्छा नाही, असे फान्जिओ पुढे सांगत असे.

स्टर्लिंग मॉसची 1961 ची मोनाको ग्रांप्री या पंक्तीत बसते. त्याची खासगी संघाची लोटस आदल्या वर्षीची होती, फेरारीची ताकद तिच्याहून बरीच जास्त. पात्रतेतली त्याची वेळ 1 मिनिट 39.1 सेकंद. शर्यतीच्या 100 फेऱ्यांची सरासरी काढली तर ती 99.5 सेकंद येते. म्हणजे पावणेतीन तास तो आपल्या पात्रतेच्या वेगाच्या अर्ध्या सेकंदाच्या आत राहिला, मागे फेरारीच्या गाड्या लागलेल्या असताना. मोनाकोच्या अरुंद गल्ल्यांत ताकदीला मोल कमी, ही सवलत त्याला होती. पण जवळजवळ तीन तासांच्या एकाग्रतेला कुठलीच गल्ली सवलत देत नाही.

वेग हे मोठेपणाचे एकमेव लक्षण नव्हे, हे सिद्ध करणारी शर्यत 21 जून 1981 ची, स्पेनमधल्या हारामाची. जिल विलनवची फेरारी सरळ रस्त्यावर तुफान पळे आणि वळणावर रडे: टर्बो इंजिन दणकट, पण सांगाडा इतका वाईट, की गाडी ओळ धरून राहत नसे. हारामाचा ट्रॅक म्हणजे वळणांचीच माळ, सरळ रस्ता जेमतेम एक. सातव्या जागेवरून सुटून विलनव पहिल्या फेरीतच पुढच्या गाड्यांत घुसला. चौदाव्या फेरीत आघाडीवरचा अ‍ॅलन जोन्स रस्ता सोडून बाहेर गेला आणि विलनव पहिला झाला. उरलेल्या 66 फेऱ्या त्याच्या मागे आधी एक, मग दोन, शेवटी चार गाड्यांची रांग लागली: जाक लाफित, जॉन वॉटसन, कार्लोस रॉयटमान, एलिओ दे आंजेलिस. वळणात त्या सगळ्या वेगवान. त्यावर त्याने काढलेला उपाय वरकरणी साधा होता. प्रत्येक वळणात आतली ओळ धरायची, ब्रेक शेवटच्या क्षणी लावायचे, गाडी घसरू द्यायची पण दार उघडू द्यायचे नाही, आणि सरळ रस्ता लागला की इंजिन मोकळे सोडायचे. दर फेरीला ही सगळी वळणे, उन्हाचा कडाका, मागच्याला एक चूक पुरे. त्याने ती चूक केली नाही. शेवटची रेषा ओलांडताना पहिल्या आणि पाचव्या गाडीत 1.24 सेकंदांचे अंतर होते. जोडीदार दिदिए पिरोनी तशीच फेरारी घेऊन बराच मागे राहिला.

या शर्यतीच्या वेळा पाहिल्या तर विलनव संथ होता. त्याने एकही विक्रम मोडला नाही, उलट सगळ्यांना आपल्या वेगावर आणून ठेवले. तरीही प्रस्तुत पत्रलेखकाचा कौल डॉनिंग्टनपेक्षा हारामाला आहे. डॉनिंग्टनला प्रतिस्पर्धी चुकत गेले. हारामाला चौघेही शेवटपर्यंत टपून होते, आणि गाडीतून त्याहून अधिक काही काढता आले असते असे कुणालाही म्हणता येत नाही.

याच विलनवचे नाव घेऊन नेमके उलटेही दाखवता येते. 1979 च्या डच ग्रांप्रीत त्याचा टायर फुटला, आणि तो तीन चाकांवर, मागून ठिणग्या उडवत, जवळजवळ अख्खी फेरी गाडी रेटत पिटपर्यंत आला. ते दृश्य आजही दाखवले जाते. पण गाडीचा मागचा भाग तोवर इतका मोडला होता, की ती पुन्हा बाहेर पडणे शक्यच नव्हते. हा हट्ट होता. प्रेक्षकांना हट्ट आवडतो, आवडावाच; पण त्याला श्रेष्ठ कामगिरी म्हणायचे तर त्यातून काय साधले ते सांगावे लागेल. त्याच वर्षी फ्रान्समधल्या दिजॉनला दुसऱ्या क्रमांकासाठी त्याची आणि रने आर्नूची जी चाकाला चाक लावून जुंपली, तिच्यात दोघांनी एकमेकांना जागा सोडली, दोघेही शर्यत पुरी करून गेले. टर्बो इंजिनाचा पहिला विजय जाँ-पिएर जाबुईने त्याच दिवशी मिळवला, आणि तो कुणाच्या लक्षात नाही.

दिसते ते सांगणे सोपे असते, म्हणून न दिसणारे काम बातमीतून गळते. 2020 च्या तुर्कस्तानच्या शर्यतीत नव्या गुळगुळीत डांबरावर पाऊस झाला आणि गाड्या बर्फावरच्यासारख्या घसरू लागल्या. सहाव्या जागेवरून सुटलेल्या हॅमिल्टनने हलक्या पावसासाठीचे टायर सुमारे 50 फेऱ्या वापरले. शेवटी त्यांवरच्या खाचा झिजून ते जवळजवळ कोरड्या रस्त्याच्या टायरसारखे झाले होते. नवे टायर घ्यायला संघाने बोलावले असता त्याने नकार दिला. तो अर्ध्या मिनिटाने जिंकला. तशीच मर्सिडीज चालवणारा बोटास पुन्हा पुन्हा गिरकी घेत चौदावा आला, तोही एक फेरी मागे. त्या दिवशी हॅमिल्टनचे सातवे जगज्जेतेपद निश्चित झाले आणि मथळे सगळे त्या सातच्या आकड्याचे झाले. टायरची गोष्ट मागे पडली.

शूमाखरची 1998 ची हंगेरीची शर्यत संघाच्या डावपेचांची म्हणून सांगितली जाते. फेरारीच्या रॉस ब्रॉनने दोनऐवजी तीन थांब्यांचा डाव टाकला आणि ड्रायव्हरला 19 फेऱ्यांत 25 सेकंद कमवायला सांगितले. डाव ब्रॉनचा, हे कबूल. पण जवळजवळ प्रत्येक फेरी पात्रतेच्या वेगाने मारणारा हात नसता, तर तो डाव कागदावरच राहिला असता. त्या धावपळीत शूमाखर एकदा शेवटच्या वळणावर रस्ता सोडून गवतावरही गेला आणि परत आला. अशा कामात एवढी चूक माफ असते. 1988 च्या मोनाकोत मात्र सेना प्रॉस्तपेक्षा सुमारे 50 सेकंद पुढे असताना, सावकाश चालवूनही जिंकला असता अशा स्थितीत, पोर्तिए वळणावर कठड्याला धडकला. शनिवारचे 1.427 सेकंद आणि रविवारचा कठडा एकाच माणसाचे आहेत. पहिल्यासाठी त्याची पूजा करायची आणि दुसरा विसरायचा, हा दुटप्पीपणा झाला.

निकाल आणि कामगिरी यांची फारकत कुठवर जाते, याचे टोक 1984 च्या मोनाकोत आहे. पावसात तेराव्या जागेवरून सुटलेला सेना दुबळ्या टोलमनमध्ये प्रॉस्तला गाठत होता. त्याच्याही मागून विसाव्या जागेवरचा स्टेफान बेलोफ विनाटर्बो टिरेल घेऊन दोघांच्या जवळ येत होता. शर्यत निम्मीही झाली नव्हती, तेव्हा लाल झेंडा दाखवून ती थांबवली. प्रॉस्त विजेता ठरला आणि निम्मे, म्हणजे साडेचार गुण घेऊन गेला. वर्षअखेर निकी लाउडाने त्याला अर्ध्या गुणाने हरवले. शर्यत पुरी होऊन प्रॉस्त दुसरा आला असता तर सहा गुण मिळून जगज्जेता झाला असता. टिरेलचे त्या मोसमातले सगळे निकाल पुढे नियमभंगापायी रद्द झाले, म्हणून बेलोफचा तिसरा क्रमांक आज नोंदींत सापडतही नाही.

आणि 1967 ची मोंझाची शर्यत. जिम क्लार्कच्या लोटसचा टायर गेला, तो आख्खी एक फेरी मागे पडला. ती फेरी त्याने वेगाच्या जोरावर भरून काढली, आघाडीवरचा ग्रॅहम हिल इंजिन बिघडून बाहेर गेल्यावर तो पुन्हा पहिलाही झाला, आणि शेवटच्या फेरीत इंजिनाला इंधन पुरेनासे झाले. तिसरा. त्या दिवशी जॉन सर्टीसची होंडा जॅक ब्रॅबमपेक्षा 0.2 सेकंदाने पुढे राहिली आणि मथळा त्या निसटत्या विजयाचाच झाला.

2016 पासून फॉर्म्युला वनमध्ये प्रेक्षकांच्या मतांनी ‘ड्रायव्हर ऑफ द डे’ निवडला जातो. मतदान शर्यत चालू असतानाच सुरू होते आणि त्यावर लोकप्रियतेची, किती गाड्या ओलांडल्या त्या आकड्याची छाप असते. मराठी वृत्तपत्रांतून हा कौल अनेकदा तसाच्या तसा छापला जातो. त्याऐवजी बातमीच्या खाली दोन ओळी पुरतील, आणि त्यांसाठी वेगळा बातमीदार लागत नाही. जागतिक मोटार महासंघ प्रत्येक शर्यतीनंतर प्रत्येक गाडीच्या प्रत्येक फेरीची वेळ, पिटमधले थांबे आणि पात्रता सत्रातले टप्पे यांचे तक्ते जाहीर करतो. त्यातून पहिल्या तिघांचे आणि त्यांच्या जोडीदारांचे सुरुवातीचे व शेवटचे क्रमांक, पात्रतेतला दोघांमधला फरक, आणि कोण कितव्या फेरीला कोणते टायर घेऊन बाहेर पडला, एवढे उचलावे. सेफ्टी कार किंवा लाल झेंड्याने कुणाला फुकटचा फायदा झाला असेल तर तेही एका वाक्यात. आठवा किंवा नववा आलेला एखादा ड्रायव्हर आपल्या जोडीदाराच्या अर्धा मिनिट पुढे असेल, तर त्याचे नाव विजेत्याच्या खाली यावे.

कळावे,
एक वाचक